ओळखीचा हात

साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्यावर, यवतेश्वराच्या पुढे पठाराच्या कडेला एक बैठी दगडी इमारत होती. बाहेर तारांनी ताणून धरलेला उंच खांब, पत्र्याचं फाटक आणि हवा मोजायचं एक पांढरं खोकं. आसपासच्या वाड्यांवरची माणसं तिला पावसाचं हापिस म्हणत. कुणी शेतकरी फाटकाशी येऊन विचारायचा, "औंदा कसं काय?" मग लालासाहेब सुभेदार गंभीर तोंड करून आभाळाकडे बघत आणि काहीतरी सांगून टाकत. बऱ्याचदा ते खरंही ठरायचं.

आत मात्र पावसाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आत माणसं कानाला हेडफोन लावून बसत आणि सीमेपलीकडून येणारी बिनतारी टिकटिक टिपून घेत. काही संदेश शत्रूचे असत, काही आपल्याच माणसांचे. सगळेच कुलूपबंद, म्हणजे अक्षरांची अशी अदलाबदल केलेले की किल्ली ठाऊक असल्याशिवाय नुसता कचरा दिसावा. ती कुलपं उघडायचं काम शांतवन रणभिसेकडे होतं.

शांतवन सांगलीचा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेला, सैन्याच्या सिग्नल्समध्ये शिकलेला. मितभाषी, नीटनेटका, हिशेबी डोक्याचा. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. प्रार्थनेवर होता, पण तोही बेताचाच.

लालासाहेब वडूजकडचे. निवृत्तीला आलेले, डोळ्यांनी अधू, पण कान असा की पठारावर गवत कुठल्या बाजूला झुकलंय ते आत बसून सांगतील. नव्या पोरांना ते पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत.

"अक्षार कुनीबी बदलंल. किल्ली बदलंल. पर ठोकनाऱ्याचा हात बदलत न्हाई गड्या. बायकूची चाल जशी पायरीवर वळकू येती, तसा हात वळकायचा."

त्या पलीकडच्या हातांमध्ये एक हात सुमंत आढावचा होता.

सुमंत शांतवनचा बालमित्र. दोघं एका वस्तीतले, एका चर्चचे. रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या बनुबाईंच्या समोर एकाच सतरंजीवर बसलेले. एकाच खात्यात आले, आणि मग सुमंतला पलीकडे पाठवलं. एका बंदरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून तो राहिला होता, दुसऱ्या नावानं, दुसऱ्या धर्मानं. ठरल्या वेळी तो संदेश ठोकायचा. लांब ठोका देताना त्याचा हात किंचित रेंगाळायचा, दारात निरोप घेताना माणूस रेंगाळतो तसा. शांतवनला तो पहिल्या अक्षरात ओळखू यायचा.

जाण्याआधी सुमंतनं त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक अशी, "कधी गळ्याशी आलं तर खात्याची किल्ली वापरणार नाही. तीच फुटलेली असायची. बनुबाईंच्या कोकराच्या गाण्यावर बंद करीन. ते तुला बरोबर सापडेल." ते गाणं बनुबाईंनी स्वतः जुळवलेलं होतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. *कोकरू चुकलं काट्यात गं, मेंढपाळ थांबला वाटेत गं.*

दुसरी गोष्ट सुहासिनीची. "तिच्याकडे अधूनमधून जात जा. एकटी पडेल."

सुहासिनी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि रविवारी सांगलीच्या चर्चमध्ये पेटी वाजवायची. सुमंतशी तिचा साखरपुडा झालेला होता. तो आखातात नोकरीला गेलाय, एवढंच तिला माहीत होतं.

शांतवन जात राहिला. आधी महिन्याकाठी, मग पंधरवड्यानं, मग दर शनिवारी. कराड, इस्लामपूर करत एसटी सांगलीत पोचायची तेव्हा ऊन कलायला लागलेलं असायचं. सुहासिनीची आई चहा टाकायची. सुहासिनी वॉर्डातल्या गमती सांगायची. सुरुवातीला प्रत्येक बोलण्यात सुमंतचं नाव यायचं. पुढे ते येईनासं झालं, आणि ते येत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं.

१९९३ सालच्या मार्चमध्ये तिनं त्याला फोनवर सांगितलं, "या शनिवारी जेवायलाच ये. मला काही ठरवायचंय."

त्याच आठवड्यात लालासाहेबांनी त्याच्या टेबलावर एक कागद आणून ठेवला.

"सुमंताचा हात हाय. पर कुलूप भलतंच घातलंय गड्यानं. दिल्लीलाबी उघडंना. तू बग."

शांतवननं बघितलं. खिडकीतून पठारावरचा वारा येत होता, कागदाची कडा फडफडत होती. त्यानं कोकराच्या गाण्याची अक्षरं एकाखाली एक मांडली. चहाचा कप गार व्हायच्या आत संदेश उघडला.

*ओळखलं गेलोय. रविवारी जुन्या धक्क्यावर थांबतो. बोट पाठवा.*

त्यानं ते पुन्हा वाचलं. उठून लालासाहेबांकडे जायचं, एवढंच काम होतं. मधे एक व्हरांडा. तो उठलाही. व्हरांड्यात लालासाहेब बिडी ओढत उभे होते.

"उघाडलं व्हय?"

"नाही," शांतवन म्हणाला. "उघडत नाही."

तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःलाच नवल वाटलं. आता लगेच फिरून सांगावं, चूक झाली म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण तो जागेवर येऊन बसला. संध्याकाळी सांगू. मग उद्या सकाळी. एक दिवस गेला तरी बोट पोचते, असा हिशेब त्यानं मांडला, आणि हिशेबात तो कधी चुकत नसे.

शनिवारी तो कागद शर्टाच्या खिशात घालून सांगलीला गेला.

जेवण झाल्यावर सुहासिनी मागच्या ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तू आलास की बरं वाटतं, शांतवन. आणि बरं वाटलं की लाज वाटते. रोज प्रार्थना करते, सुमंतला परत आण. आणि मग 'आमेन' म्हणताना अडखळते." तिनं पदर सोडला. "ईस्टरपर्यंत वाट बघते. तो आला तर प्रश्नच नाही. नाही आला तर मी मोकळी, असं समजायचं का रे?"

खिशातला कागद छातीशी लागत होता. कोपऱ्यावर फोनचं बूथ होतं, त्याचा पिवळा फलक ओट्यावरून दिसत होता.

"समजायला हरकत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. सुहासिनी पेटीवर होती. शांतवन मंडळीबरोबर पुढे गेला, भाकर घेतली, प्याला घेतला. परत बाकावर येऊन बसला आणि शर्टाचा खिसा हातानं झाकून राहिला.

सोमवारी त्यानं उघडलेला संदेश लालासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला, आणि मटकन खाली बसले.

"काल व्हता रं रविवार."

"हो."

लालासाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घिऊ नगंस. तू व्हतास म्हून उघाडलं तरी. दुसऱ्या कुनाच्यानं झालं नसतं."

दिल्लीहूनही शाबासकी आली. सुमंतचा हात त्यानंतर कुणी ऐकला नाही. खात्यातला एक माणूस साध्या कपड्यात सांगलीला जाऊन त्याच्या घरच्यांना सांगून आला की समुद्रात अपघात झाला, देह मिळाला नाही.

सुहासिनीनं ईस्टरपर्यंतच नाही, त्यानंतरही दीड-दोन वर्षं वाट बघितली. १९९५ च्या हिवाळ्यात त्याच चर्चमध्ये दोघांचं लग्न झालं. सगळी मंडळी म्हणाली, मित्रानं मित्राचं कर्तव्य केलं. लग्नानंतर ती त्याला चारचौघांसारखं "अहो" म्हणायला लागली.

शांतवननं नोकरी सोडली. टिकटिक नको झाली होती. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींसाठी पत्र्याच्या चकत्या पाडणारा एक छोटा कारखाना होता, तिथे तो सुपरवायझर झाला. सकाळी स्कूटरवरून जायचं, संध्याकाळी परतायचं. रविवारी चर्च. फक्त महिन्यातून एकदा, प्रभुभोजन असेल त्या रविवारी, त्याला कारखान्यात नेमकं काहीतरी काम निघायचं.

पहिल्यांदा ते ऐकू आलं ते एसटीत. खात्यातलं उरलंसुरलं आवरायला तो साताऱ्याला चालला होता. कराड सोडल्यावर त्याच्या बाकाशेजारची खिडकीची काच खडखड वाजायला लागली. तो डुलक्या घेत होता. अर्धवट झोपेत त्याच्या बोटांनी मांडीवर अक्षरं टिपली. सुमंतची खूण, प्रत्येक संदेशाच्या आधी तो ठोकायचा ती.

तो जागा झाला आणि हसला. आयुष्य टिकटिक ऐकण्यात गेलेल्या माणसाला काचेतही तेच ऐकू येणार. त्यानं खिडकी सरकवून घट्ट लावली.

मग एकदा दवाखान्यात. सुहासिनीची ड्यूटी संपायची वाट बघत तो पोर्चमध्ये उभा होता. भर दुपार. बागेतला नळ खालच्या बादलीत ठिबकत होता. आखूड, लांब, आखूड. लांब थेंब पडण्याआधी तोटीवर किंचित रेंगाळत होता. शांतवननं जाऊन नळ आवळला. मागे वळला तेव्हा सुहासिनी पायरीवर उभी होती.

"काय झालं? पांढरेफटक दिसताय."

"ऊन लागलं," तो म्हणाला.

उन्हाळ्यात कारखान्यातली जुनी प्रेस सुरू झाली.

ती पायानं दाबायची प्रेस होती. पायडल दाबलं की वरचा ठोकळा खाली यायचा आणि पत्र्यातून चकती पडायची. चालवायला बिराप्पा होता, जतकडचा, दांडगा आणि लाजाळू. त्याचा पाय घड्याळासारखा चालायचा. आणि तरी शांतवन शेडमध्ये शिरला की ठोके बदलायचे.

आता नुसती खूण नव्हती. खुणेच्या मागे पाच-पाच अक्षरांचे गट यायचे. एक अख्खा कुलूपबंद संदेश. तो संपला की थोडी शांतता, मग पुन्हा तोच.

शांतवननं बिराप्पाला बाजूला घेतलं. "असं का दाबतोस? एकसारखं दाबावं."

बिराप्पा खाली बघत राहिला.

"सायेब, रागावू नगासा. मी एकसारकंच दाबतोय. पर तुमी शेडात आला की पायडल माज्या पायाखाली ऱ्हात न्हाई. आपसूक जातंय. तुमी भाईर गेला की परत माजं हुतंय."

"दुसरा माणूस लावू का तिथं?"

"लावा बगा. मला भ्या वाटाय लागलंय."

दुसरा माणूस लावला. तिसरा लावला. हात तोच राहिला.

शांतवननं ती अक्षरं एकदाही कागदावर उतरवली नाहीत. त्याला उतरवायची गरज नव्हती. ती त्याला पाठ झाली होती. जेवताना, स्कूटर चालवताना तो जुन्या खात्याच्या किल्ल्या त्यांना लावून बघायचा. कुठलीच लागत नव्हती. एक किल्ली त्यानं लावलीच नव्हती. तिला तो हात लावत नव्हता.

लालासाहेब तेव्हा वडूजला शेतावर राहायचे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आले, सुहासिनीनंच वॉर्डात जागा करून दिली. दाखल व्हायच्या आधी ते काठी टेकत शांतवनचा कारखाना बघायला आले. डाव्या डोळ्यानं त्यांना दिसत नव्हतंच. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता.

"लय बरं केलंस गड्या. हितं घाम गाळला की झोप लागती." त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

प्रेस सुरू होती.

कप ओठाशीच राहिला. चहा त्यांच्या धोतरावर सांडला तरी त्यांना कळलं नाही.

"कोन चालवतंय रं हे?"

"प्रेस आहे, सुभेदारसाहेब. चकत्या पाडतो आम्ही."

"प्रेस न्हाई. हात सुमंताचा हाय."

 शांतवनच्या मनात इतके दिवस एक आधार होता, की हे आपल्याच डोक्यात चाललंय. तो आधार त्या क्षणी गेला.

लालासाहेब मान कलती करून ऐकत होते. बोटं टेबलावर चालत होती.

"कुलूपबी त्याच येळचं वाटतंय. दिल्लीला उघाडलं न्हवतं त्ये. तूच उघाडलं व्हतंस." त्यांनी धूसर डोळे त्याच्याकडे वळवले. "उघाड की. काय म्हनतोय पोरगं?"

प्रेस ठोकत होती.

"उघडत नाही," शांतवन म्हणाला.

तेच शब्द, तोच आवाज. लालासाहेबांचा चेहरा हळूहळू बदलला.  ते काठी शोधून उठले.

"मला दवाखान्यात सोड," एवढंच म्हणाले.

शनिवारी दुपारी सुहासिनी ड्यूटीवर असताना शांतवन स्वयंपाकघरात पाटावर बसला. त्यानं डोळे मिटले. बनुबाई, सतरंजी, शेजारी गुडघ्यावर खपली धरलेला सुमंत. त्यानं कोकराच्या गाण्याची अक्षरं लावली.

कुलूप निघालं.

*शांत्या, धक्क्यावर आहे. रविवारी ये. बोट नको. तूच ये.*

सुहासिनी घरी आली तेव्हा तो तिथेच बसलेला होता. तिनं पिशवी खाली ठेवली, आणि तो बोलायला लागला. प्रेसबद्दल त्यानं सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. पठारावरचं हापिस, सुमंतचं खरं काम, गाणं, कागद, व्हरांडा.

ती उभीच राहिली.

"त्या शनिवारी तू आमच्याकडे जेवलास," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणत होती. "मी ओट्यावर तुला विचारलं. तेव्हा कागद कुठे होता?"

"खिशात."

"आणि मी विचारलं, मी मोकळी समजू का."

"हो."

"माझ्याकडून म्हणवून घेतलंस."

तो तिचे पाय धरायला वाकला. ती मागे सरकली. आत जाऊन तोंड धुतलं, बाहेर आली, कणीक मळली, भाकऱ्या नाही, पोळ्याच केल्या, त्याला आवडतात म्हणून. त्याचं ताट वाढलं. आपलं घेतलं नाही. रात्री ती आईकडे गेली नाही, हीच दया समजून तो पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती पेटीवर बसली. तो शेवटच्या बाकावर. पाळकसाहेबांनी मंडळीला प्रभुभोजनासाठी पुढे बोलावलं तेव्हा तो जागचा हलला नाही, पण पळूनही गेला नाही. हात जोडून, मान खाली घालून तो पहिल्यांदा नुसतं म्हणाला, मी केलं. दुसरा शब्द त्याला सुचला नाही.

त्या दिवशी कुठेही काही वाजलं नाही.

पंख्याचा आवाज पंख्यासारखा होता. घरी नळ नळासारखा ठिबकला. सोमवारी सकाळी तो मुद्दाम प्रेसजवळ जाऊन उभा राहिला. बिराप्पानं भीत भीत पायडल दाबलं. एकसारखे ठोके पडले. बिराप्पा हसला.

"गेलं वाटतंय सायेब!"

शांतवनच्या डोळ्यांत पाणी आलं. कबुली कुठेतरी पोचली होती. कुणीतरी ऐकलं होतं. दुपारी सुट्टी घेऊन तो दवाखान्यात निघाला, लालासाहेबांपुढेही सगळं बोलून टाकायचं ठरवून.

वॉर्ड उजेडानं भरलेला होता. लालासाहेबांचं ऑपरेशन झालं होतं. उजव्या डोळ्यावर पट्टी. ते उशीला टेकून, मान कलती करून बसले होते. पलंगाशेजारच्या खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता, आणि त्याची कडी गजावर टकटक वाजत होती.

शांतवन स्टुलावर बसला.

"कोन?"

"मी शांतवन, सुभेदारसाहेब."

लालासाहेब एकदम ताठ झाले.

"शांतू? तू हितं कसा?"

"का? भेटायला आलो."

 कडी वाजत होती. शांतवननं लक्ष दिलं. त्याला नुसती टकटक ऐकू आली.

"कालधरनं ऐकतोय," लालासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "सुमंताला जबाब चाललाय. काल सकाळी, चर्चच्या टायमाला सुरू झाला. आतासुदिक चालू हाय."

"कुणाचा जबाब?"

"हात तुजा हाय."

बाजूच्या पलंगावर कुणीतरी खोकलं.

"काय म्हणतोय?" शांतवननं विचारलं.

"किल्ली न्हाई घातलेली. उघडंच ठोकतोयस. पोचलो, म्हनतोयस. धक्क्यावर दोगंबी हाय, म्हनतोयस."

लालासाहेबांनी चाचपडत हात पुढे केला. शांतवननं आपला हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला, दाबून बघितला, आणि सोडून दिला.

"वला हाय रं तुजा हात."

शांतवननं हात उजेडात धरला. तो कोरडा होता.

 लालासाहेब आपला तळवा चादरीला पुसत राहिले.